माती आणि पाणी

आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराच्या कुशीत वसले होते. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी मुसळधार पावसात वरचा उतार खचून गावावर आला आणि दीडशेच्या आसपास माणसे त्याखाली गाडली गेली. नेहमीच्या एस.टी.च्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा ही वार्ता बाहेर कळली.

डोंगर असा का सुटतो? मातीच्या कणांमध्ये पाणी साठले, म्हणजे तिचे वजन वाढते आणि पकड मात्र सैल होते. जी गोष्ट डोंगराची, तीच पायासाठी खणलेल्या खड्ड्याची. म्हणून जाणता गवंडी कुदळ मारण्यापूर्वी पाण्याचा विचार करतो. वरच्या अंगाला चर काढून तो पाणी वळवितो. खोल खड्ड्याच्या भिंती उभ्या न ठेवता पायऱ्यापायऱ्यांनी उतरत्या करतो. उपसलेली माती तो काठाशी रचू देत नाही. तिच्या भारानेच काठ ढासळून आतला मजूर गाडला जातो.

भरावही थराथराने दाबून घ्यावा लागतो. हे काम पुढे कोणाला दिसत नाही, म्हणूनच ते घाईने उरकण्याचा मोह होतो. माळीणच्या वाचलेल्या कुटुंबांसाठी आमडे येथे नवी घरे बांधली गेली. २०१७ च्या पहिल्याच पावसात तेथील भराव ठिकठिकाणी खचला व रस्त्यांना भेगा पडल्या.