मौनाला मुदत असते!

१४ एप्रिलला आपल्या वस्त्यावस्त्यांतून भीमजयंतीच्या मिरवणुका निघतात. दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, अमेरिकेत बेसबॉलच्या मोठ्या लीगमधला प्रत्येक खेळाडू, गोरा असो वा काळा, पाठीवर एकच नंबर लावून मैदानात उतरतो. तो नंबर ४२. जॅकी रॉबिन्सनचा. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्स या संघाकडून तो खेळला आणि गोऱ्यांनी साठेक वर्षे पाळलेली रंगबंदी मोडून पडली. तारखा लागोपाठ येतात हा निव्वळ योगायोग. पण पुढारीपण कशाला म्हणतात, हे या खेळाडूकडून आपल्या पुढाऱ्यांनी शिकावे असे आम्हाला मनापासून वाटते. म्हणूनच हा लेखनप्रपंच!

रॉबिन्सन १९१९ साली जॉर्जियातल्या वाटेकरी शेतकऱ्याच्या घरात जन्मला. बाप घर सोडून गेला. आईने पाच लेकरांना घेऊन कॅलिफोर्निया गाठले आणि गोऱ्यांच्या घरची कामे करून त्यांना वाढवले. १९४४ साली सैन्यात लेफ्टनंट असताना टेक्सासमध्ये बसच्या मागच्या बाकावर जाऊन बसण्याचा हुकूम त्याने धुडकावला. त्याच्यावर लष्करी खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. रोझा पार्क्स यांच्या बसमधल्या नकाराआधी अकरा वर्षांची ही गोष्ट आहे. म्हणजे हा माणूस मुळात गप्प बसणारा नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मग दार उघडले कोणी? डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांच्या उदारपणाचे गोडवे आजही गायले जातात. त्यांचे श्रेय आम्ही नाकारत नाही. पण वेंडेल स्मिथ, सॅम लेसी यांच्यासारखे कृष्णवर्णीय पत्रकार आपल्या समाजाच्या वृत्तपत्रांतून वर्षानुवर्षे हा प्रश्न लावून धरत होते. रिकींना रॉबिन्सनचे नाव सुचवले तेही स्मिथ यांनीच. १९४३ साली थोर गायक पॉल रोब्सन संघमालकांच्या बैठकीत जाऊन ही बंदी उठवा म्हणून बोलले होते. दार कुणाच्या दयेने उघडत नाही, चळवळीच्या धडकांनी उघडते. बाबासाहेबांच्या 'मूकनायक'चा वारसा सांगणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

रिकींनी अट घातली. पहिली तीन वर्षे कोणी शिवी दिली, अंगावर आले, तरी उलटून बोलायचे नाही. रॉबिन्सनने ती मान्य केली. फिलाडेल्फिया संघाच्या मॅनेजरने भर मैदानात वर्णावरून घाणेरड्या शिव्या दिल्या. हॉटेलांनी खोल्या नाकारल्या. ठार मारण्याच्या धमक्यांची पत्रे आली. रॉबिन्सनने बॅटने उत्तर दिले. १९४७ साली तो सर्वोत्तम नवोदित ठरला, १९४९ साली आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू. पण त्या मौनाला मुदत होती! १९४९ पासून तो तोंड उघडू लागला आणि कालपर्यंत त्याच्या संयमाचे कौतुक करणारे त्याला तापट, उद्धट म्हणू लागले. रॉबिन्सनने त्याची पर्वा केली नाही.

त्याच्या हातून चुका झाल्या नाहीत असे नाही. त्याच १९४९ साली अमेरिकन संसदेच्या समितीपुढे त्याला बोलावले गेले, ते रोब्सन यांच्या विरोधात साक्ष द्यायला. त्या साक्षीत त्याने वर्णद्वेषावरही कोरडे ओढले, पण वृत्तपत्रांनी उचलला तो रोब्सन यांच्यावरच्या टीकेचा भाग. ज्याने आपल्यासाठी दार ठोठावले, त्याच्यावरच आपल्याला सोडले गेले! हा डाव आपल्यालाही ठाऊक आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध उभे केले ते नामवंत क्रिकेटपटू बाळू पालवणकर यांना. ज्या व्यवस्थेने अस्पृश्य म्हणून बाळूंना हिंदूंच्या संघाचे कप्तानपद कधी दिले नाही, तिलाच मतांच्या वेळी ते आठवले. बाबासाहेबांनी तो डाव उधळला. रॉबिन्सनने मात्र १९७२ च्या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले की असे बोलावणे आता आले तर आपण ते नाकारू आणि रोब्सन यांच्याविषयीचा आपला आदर वाढला आहे. आपल्या भूमिकेचा असा फेरविचार करणारा पुढारी आपल्याकडे दिवा घेऊन शोधावा लागेल.

खेळ सोडल्यावर तो नुसता सत्कार घेत बसला नाही. १९५८ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कृष्णवर्णीयांना धीर धरण्याचा उपदेश केला, तेव्हा रॉबिन्सनने थेट पत्र लिहून त्यांना सुनावले. नागरी हक्कांच्या चळवळीसाठी गावोगाव फिरून निधी जमवला. १९६४ साली हार्लेममध्ये समाजाची स्वतःची बँक उभी करण्यात पुढाकार घेतला. १५ ऑक्टोबर १९७२ रोजी वर्ल्ड सिरीजच्या मैदानावर त्याचा सत्कार झाला. मधुमेहाने शरीर पोखरलेले, दृष्टी जवळजवळ गेलेली. आभार मानून तो खाली बसला असता तर कोणी नावे ठेवली नसती. पण तिथेही त्याने मागणी केली की मॅनेजरच्या जागी एखादा काळा चेहरा दिसला पाहिजे. बेसबॉलमध्ये कोण खेळणार, डाव कसा टाकायचा हे मॅनेजर ठरवतो. म्हणजे मागणी खेळण्याची नव्हती, सत्तेतल्या वाट्याची होती. नऊ दिवसांनी तो वारला. १९७५ साली फ्रँक रॉबिन्सन हा पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर झाला.

आता आपल्याकडे पाहू. राखीव जागांवरून विधानसभेत, लोकसभेत, मंत्रालयात आपली माणसे पोहोचली, ती बाबासाहेबांच्या आणि चळवळीच्या पुण्याईवर. त्यातले अनेक जण आत जाताच मुके झाले. विचारले तर म्हणतात, वेळ आलेली नाही, पक्षशिस्त आहे, आत राहून काम करतो. २००६ साली खैरलांजी घडले. लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. आत राहून काम करणारे तेव्हा कुठे होते? शिकलेल्यांनी दगा दिल्याची खंत बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्याला उगाच बोलून दाखवली नव्हती.

गप्प बसणे हे कधी कधी लढाईचे हत्यार असते, हे आम्हालाही कळते. पण रॉबिन्सनच्या मौनाची मुदत तीन वर्षे होती आणि ते समाजासाठी होते. आपल्या पुढाऱ्यांच्या मौनाची मुदत किती आणि ते कोणासाठी, हा हिशोब आता मतदारांनी मागितला पाहिजे. पुढच्या भीमजयंतीला ते हार घालायला येतील, तेव्हा मंचावर जागा देण्यापूर्वी एवढे विचारा : साहेब, तुम्ही बोलणार कधी?

जयभीम!