उचल

मंडईत भाजी घेऊन झाली की शेजारच्या किराणा दुकानातून दोन किलो साखर घ्यायची, हा आपल्यापैकी पुष्कळांचा नेम असेल. दुकानदार भाव सांगतो, आपण पैसे देतो, व्यवहार संपतो. पण त्या साखरेचा ऊस कुणी तोडला, आणि तोडणारा फडावरून उठून घरी जायला मोकळा होता का, हे दुकानदारालाही ठाऊक नसते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर या भागांतली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात उतरतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मजुरी टनावर, तीही कोयत्याला. म्हणजे राबायचे दोघांनी आणि पैसे बहुधा नवऱ्याच्या हाती. हंगामाआधी मुकादम उचल देतो. लग्न, दवाखाना, पावसाळ्यातले रिकामे दिवस यांत ती केव्हाच संपते. मग ऊस तोडून फेडायची. बायको तापाने पडली, तरी खाडा धरून दंड कापला जातो. हिशोब असतो मुकादमाच्या वहीत. फिटला नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. मधेच जातो म्हटले, तर 'आधी पैसे टाक!' सगळेच मुकादम दुष्ट असतात असे मात्र समजू नका. पुष्कळांनी स्वतः कोयता धरलेला असतो, आणि मजूर निघून गेला तर कारखान्याचे देणे त्यांच्याच अंगावर येते.

वेठ म्हटली की आपल्याला चाबूक आठवतो. घटनेच्या 23 व्या कलमाने तर ती बंदच केली आहे. पण 1982 साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भुकेची सक्ती हीही सक्तीच. किमान वेतनाहून कमी पैशांत कुणी राबत असेल, तर तीही वेठच. मग अडते कुठे? अडते ते 'मालक कोण' या प्रश्नापाशी. कारखाना वाहतूकदाराकडे बोट दाखवतो, वाहतूकदार मुकादमाकडे, आणि मुकादम वहीकडे!

गंमत अशी, की या प्रश्नाचे एक उत्तर बाजारातल्या हमालांनीच मिळवले आहे. हमालालाही एक मालक नसतो. सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना एकत्र आणले, आणि 1969 साली माथाडी कायदा झाला. त्यातली युक्ती साधी आहे. हमालाची नोंद मंडळाकडे होते. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो. मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, रजेचे पैसे मंडळ देते. व्यापारी शंभर असोत, जबाबदारी हरवत नाही. अर्थात, प्रत्येक हमाल नोंदला गेला असे नाही, बरं का!

ऊसतोड कामगारांसाठीही गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे. टनामागे 10 रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच शासनाने द्यावेत, असे 2021 साली ठरले. हे लेव्हीचेच भावंड म्हणायचे. पण मजुरी मुकादमाच्या हातूनच जाते आणि उचल तशीच राहते. माझ्या मते खरी गाठ तिथेच आहे.

इंग्लंडने 2015 साली कायदा करून मोठ्या कंपन्यांना, मालाच्या साखळीत गुलामी राहू नये म्हणून काय केले, हे दरवर्षी जाहीर करायला लावले. आपल्याकडे शेअरबाजारातल्या मोठ्या कंपन्यांनाही आता सक्तीच्या मजुरीविषयी माहिती द्यावी लागते. सहकारी साखर कारखाने शेअरबाजारात नसतात. ते त्यातून सुटतात.

तेव्हा उचलीपायी कुणी अडकला आहे असे आपल्या कानावर आले, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने हे काम त्यांच्यावर सोपवले आहे. माणूस वेठबिगार ठरला, की कागदावर अंगठा उठवलेला असला तरी ते कर्ज वसूल करता येत नाही. आणि वेठीला धरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.