पेडल कमी, धमाल जास्त! आल्प्समधली सुसाट सफर

पेडल फारसं न मारता सायकल चालवायचीय? चला, इटलीच्या पार उत्तरेला!

ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या सीमांना खेटून आल्प्समध्ये एक लांबलचक दरी पसरली आहे. जर्मन बोलणारे तिला फिन्शगाउ म्हणतात, इटालियन बोलणारे वाल व्हेनोस्ता. इथे मुक्काम जर्मन भाषेचा आणि पासपोर्ट इटलीचा, कारण पहिल्या महायुद्धानंतर हा मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे आला. त्यामुळे गावांच्या पाट्यांवर नावं जोडीनं येतात. एका गावाच्या भाड्यात दोन गावं पाहिल्याचा फील!

रूट सोपा आहे. रेशेन खिंडीत सायकलवर बसायचं आणि मेरानो शहरात उतरायचं. अंतर साधारण ८५ किलोमीटर. सुरुवात १,५०० मीटर उंचीवर, शेवट ३२५ मीटरवर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून थोड्याच कमी उंचीवरून निघायचं आणि मग बहुतेक सगळा उतार. अधूनमधून एखादा छोटा चढ येतो, तेवढाच पायांना व्यायाम.

पण एक टिप आधीच घ्या. या रस्त्यावर पेडलपेक्षा ब्रेक जास्त कामाचा आहे. सुसाट गेलात तर खरी मजा मागेच राहील. कशी? बघाच!

माहीत आहे का, या प्रवासात तुमच्यासोबत एक नदी धावते? ही आदिजे, ४१० किलोमीटर लांबीची, इटलीतली दुसऱ्या क्रमांकाची नदी. पुढे ती व्हेरोनासारखं देखणं शहर कवेत घेते आणि एड्रियाटिक समुद्राला मिळते. रेशेनला मात्र ती नुसता एक झरा आहे. एवढ्या मोठ्या नदीचं बाळरूप बघायला मिळतं, म्हणून पहिला ब्रेक इथेच!

उगमाजवळ काँक्रीटचा बंकर दिसला तर दचकू नका. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुसोलिनीनं इथे बंकरांची रांगच उभी केली. कुणाच्या भीतीनं? हिटलरच्या! दोघांची मैत्री जगजाहीर होती, तरी सीमेवर तटबंदी चालूच. लोकांनी या तटबंदीला झकास नाव दिलं: ‘माझा तुझ्यावर भरवसा नाही’ लाइन. वरच्या प्लामोर्ट पठारावर रणगाडे अडवायला रोवलेले खुंट आजही रांगेनं उभे आहेत, आणि तिथून खालच्या सरोवराचा जो व्ह्यू दिसतो, त्याच्यासाठी चढ चढून जाणारे हौशी सायकलस्वार खूप आहेत.

आता ते सरोवर. पाण्याच्या मधोमध चर्चचा मनोरा उभा! खाली इमारत नाही, आजूबाजूला गाव नाही. फोटोशॉप? छे, शंभर टक्के खरा.

मनोरा १४व्या शतकातला. १९५० मध्ये विजेसाठी धरण झालं, दोन छोटी सरोवरं मिळून एक मोठं सरोवर बनलं आणि ग्राउन नावाचं गाव पाण्याखाली गेलं. १६३ घरं गेली, शेकडो हेक्टर शेतजमीन गेली. लोकांनी विरोध केला, पण तो ऐकला गेला नाही. चर्च पाडलं, मनोरा तेवढा राखला. धरणात गाव गेल्याचं दुःख मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. फोटो जरूर काढा, आणि त्या १६३ घरांचीही आठवण ठेवा.

हिवाळ्यात सरोवर गोठलं की लोक बर्फावरून चालत थेट मनोऱ्यापर्यंत जातात. थंडीच्या रात्री पाण्यातून घंटानाद ऐकू येतो, अशी दंतकथाही आहे. घंटा तर १९५० मध्येच उतरवून नेल्या होत्या! २०२० मध्ये नेटफ्लिक्सनं या गावाच्या इटालियन नावानं, ‘कुरोन’ म्हणून, एक गूढ मालिकाच काढली. २०२१ मध्ये दुरुस्तीसाठी पाणी उतरवलं, तेव्हा तळातून जुन्या घरांचे अवशेष वर आले.

चला, ब्रेक सोडा! उजव्या हाताला डोंगराच्या कडेवर पांढरीशुभ्र इमारत चमकते. तो मारियनबर्ग, १,३४० मीटरवरचा, युरोपातला सगळ्यात उंचावरचा बेनेडिक्टाइन मठ. खाली माल्स गाव. या छोट्या गावानं २०१४ मध्ये जगाला चकित केलं. शेतीत रासायनिक कीटकनाशकं नकोत, यासाठी गावात सार्वमत झालं आणि मत देणाऱ्यांपैकी जवळजवळ तीनचतुर्थांश लोक ‘नकोत’ म्हणाले. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, पण गावाचं नाव युरोपभर झालं.

आणि आता या रूटवरचा माझा सगळ्यात लाडका थांबा. ग्लुर्न्स! तट, बुरूज, वेशी, सगळं जागच्या जागी असलेलं चिमुकलं शहर. लोकवस्ती साधारण नऊशे. हो, नऊशे, आणि तरीही मानानं ‘शहर’! सायकल हातात धरून फिरलात तरी घटकाभरात बघून होईल. १४९९ च्या लढाईत ते जळून खाक झालं, म्हणून सम्राट माक्सिमिलियाननं नव्यानं तट बांधायला लावले.

पण ग्लुर्न्सची खरी धमाल कोर्टात आहे. माहीत आहे का, इथे चक्क उंदरांवर खटला चालला होता?

साल १५१९-२०. शेजारच्या स्टिल्फ्स गावचे शेतकरी हैराण झाले होते. शेतातले उंदीर पीक फस्त करत होते. गावकऱ्यांनी काय केलं? फिर्याद ठोकली! आणि कोर्टानं काय केलं? आरोपींना वकील दिला!

वकीलही कच्चा नव्हता. त्यानं बाजू मांडली की, हे उंदीर नुकसान करत असतील, पण किडे आणि अळ्या खाऊन शेतीचं भलंही करतात, माती उकरून सुपीकही करतात. त्यांना हाकलायचंच असेल तर राहायला दुसरी जागा द्या, आणि वाटेत कुत्र्या-मांजरांपासून संरक्षणाची हमी द्या.

निकाल उंदरांच्या विरोधात गेला. चौदा दिवसांत शेतं रिकामी करा! पण थांबा, निकालाचं शेपूट याहून भारी आहे. गाभण माद्या आणि लहान पिल्लं यांना आणखी चौदा दिवसांची मुदत, तीही सुरक्षित प्रवासाच्या हमीसह! पाचशे वर्षांपूर्वी, शेतातल्या उंदरीणबाईंना मॅटर्निटी सवलत! मला हा निकाल मनापासून आवडतो. ज्या कोर्टाला इवल्या जिवाचंही म्हणणं ऐकून घ्यावंसं वाटलं, त्याला सलाम ठोकूनच पुढे सरकायचं.

उंदरांचा विषय निघाला की मांजराच्या गळ्यातली घंटा आठवणारच. ती कुणाला बांधता आली नाही. इथल्या शेतकऱ्यांनी मात्र घंटा थेट पाण्याच्या गळ्यात बांधली!

त्याचं असं आहे. हिरवीगार दिसली तरी ही दरी आल्प्समधल्या सर्वांत कोरड्या दऱ्यांपैकी एक. दोन्ही बाजूंच्या उंच रांगा ढग अडवतात आणि पदरात वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. मग शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी हिमनद्यांचं आणि ओढ्यांचं पाणी डोंगरउतारांवरून पाटानं खाली आणलं. या पाटांना ‘वाल’ म्हणतात आणि त्यांची राखण करणाऱ्या पाटकऱ्याला ‘वालर’.

वालरची युक्ती ऐका. पाटात एक छोटं पाणचक्र बसवायचं. चक्र फिरलं की हातोडा घंटेवर आपटणार, टण टण टण! आवाज चालू आहे तोवर सगळं आलबेल, वालर निवांत. आवाज थांबला की समजायचं, कुठेतरी पाला किंवा दगड अडकला. उठा, धावा! ना वायर, ना बॅटरी, ना ॲप. अलार्म वाजला की गडबड, हे आपल्याला माहीत होतं. इथे अलार्म थांबला की गडबड! काही पाट आजही वाहतात, आणि त्यांच्या काठच्या पायवाटांवरून चालायला मिळतं. सायकल खाली लावा आणि जा.

ज्यांच्या मांड्यांत दम आहे, त्यांनी कान टवकारा. प्राड गावापाशी फाटा फुटतो तो स्टेल्वियो घाटाकडे. २,७५७ मीटर! आल्प्समधल्या डांबरी खिंडींमध्ये उंचीत दुसरा नंबर. प्राडच्या बाजूनं ४८ हेअरपिन वळणं, आणि प्रत्येकाला नंबर दिलेला. रस्ता बांधून झाला १८२५ मध्ये, कार्लो दोनेगानी नावाच्या इंजिनियरच्या देखरेखीखाली, ऑस्ट्रियाच्या सम्राटासाठी. पेडलच्या सायकलचा तेव्हा पत्ताच नव्हता!

१९५३ मध्ये ‘जिरो द इतालिया’ शर्यत पहिल्यांदा या घाटात आली आणि इटलीच्या फाउस्तो कोप्पीनं इथेच स्वित्झर्लंडच्या ह्यूगो कोब्लेटला मागे टाकलं. कोप्पीचं ते पाचवं जिरो विजेतेपद. आज जिरोतल्या सर्वांत उंच ठिकाणाला ‘चीमा कोप्पी’, म्हणजे कोप्पीचं शिखर, असं म्हणतात. आणि वर्षातून एक दिवस या घाटात मोटारींना बंदी असते. रस्ता फक्त सायकलींचा. हजारो लोक एकाच वेळी वळणं मोजत चढतात. घाटाचा थाट बघायचा तर त्या दिवशी!

पुन्हा खाली, लास गावात. इथले फुटपाथही संगमरवरी आहेत, कारण डोंगरच संगमरवराचा. दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेल्या अमेरिकन सैनिकांच्या दफनभूमींसाठी इथल्या पांढऱ्या दगडाचे हजारो क्रूस घडवले गेले. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरजवळच्या ऑक्युलस स्टेशनातली फरशीही लासची.

आता सफरचंदांतून सफर! रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागाच बागा. ही दरी ज्या प्रांतात आहे, तो सगळा मिळून युरोपियन युनियनमधल्या दर दहांतलं साधारण एक सफरचंद पिकवतो. माहीत आहे का, कडाक्याच्या थंडीपासून फुलं वाचवायला इथले शेतकरी त्यांच्यावर चक्क बर्फ चढवतात?

एप्रिलमध्ये झाडं फुललेली असतात आणि एखाद्या रात्री पारा शून्याखाली घसरतो. कळी गोठली की वर्षाचं पीक गेलं. मग शेतकरी रात्रीतून उठतात आणि स्प्रिंकलर सुरू करतात. पाणी फुलांवर पडतं आणि गोठतं. गंमत ही की, पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं, दर ग्रॅमला सुमारे ८० कॅलरी. त्या उबेत आतली कळी शून्य अंशाच्या आसपास टिकून राहते. फवारा मध्येच बंद केला तर घात, म्हणून सकाळी बर्फ वितळू लागेपर्यंत तो चालूच. उजाडतं तेव्हा सगळी बाग काचेची! शाळेत ‘सुप्त उष्मा’ पाठ केला होता ना? तो इथे झाडाला लटकलेला दिसतो.

नाटुर्न्सजवळ आलात की मान वर करा. कड्यावरचा युवाल किल्ला राइनहोल्ड मेस्नरचा. ८,००० मीटरवरची चौदाही शिखरं सर करणारा जगातला पहिला माणूस, १९८६ मध्ये हा विक्रम पूर्ण करणारा! त्याच बाजूच्या श्नाल्स दरीच्या टोकाला, बर्फात, १९९१ मध्ये ‘ओट्झी’ सापडला. ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस, अंगावर ६१ गोंदणखुणा. मोजणी झाली आणि तो ऑस्ट्रियाचा की इटलीचा याचा फैसला लागला. सीमेच्या अलीकडे, इटलीत, फक्त ९२.५६ मीटर!

नाटुर्न्समध्येच प्रोकुलुस नावाचं इवलंसं चर्च आहे. हजार वर्षांहून जुन्या भित्तिचित्रात एक संत दोरांवर बसून झोका घेतोय, निदान दिसतं तरी तसंच. जाणकार म्हणतात, तो शहराच्या तटावरून दोरानं निसटतोय.

राब्लांडमध्ये १५५२ साली एक रोमन मैलाचा दगड मिळाला. इ. स. ४६ चा! सम्राट क्लॉडियसनं डॅन्यूबपर्यंत नेलेल्या ‘व्हिया क्लॉडिया ऑगस्टा’ या रस्त्याचा. तुमची सायकल धावते ती त्याच वाटेनं. मूळ दगड बोल्झानोच्या संग्रहालयात, इथे प्रतिकृती.

शेजारच्या पार्चिन्सचा पीटर मिटरहोफर हा साधा सुतार. त्यानं १८६४ मध्ये लाकडाचं एक यंत्र बनवलं. बटण दाबलं की अक्षर उमटायचं. टाइपरायटर! असं यंत्र घेऊन हा पठ्ठ्या आल्प्समधून व्हिएन्नापर्यंत पायी गेला, सम्राट फ्रान्झ योसेफला दाखवायला. सम्राटाकडून थोडे पैसे मिळाले, कारखाना मात्र कुणी काढला नाही. पुढे टाइपरायटरचं नाव आणि दाम दोन्ही अमेरिकेत गेले. पार्चिन्सनं आपल्या सुताराला विसरू दिलं नाही, गावात टाइपरायटरचं अख्खं संग्रहालय उभारलं. मी म्हणेन, इथे अर्धा तास ठेवाच. आज तुम्ही मोबाइलवर बोटं चालवता, त्या सवयीच्या पूर्वजांमध्ये हा माणूस बसलाय.

आणि मेरानो! मागे बर्फाची शिखरं, समोर ताडाची झाडं. आता परत चढायचं कसं? चढायचं नाही, बसायचं! मेरानो ते माल्स ही रेल्वे १९०६ मध्ये सुरू झाली, १९९० मध्ये बंद पडली आणि २००५ मध्ये पुन्हा धावू लागली. ठरावीक स्टेशनांवर भाड्यानं सायकल मिळते, आणि ती एका स्टेशनवर घेऊन दुसऱ्यावर सोडता येते. तर सायकल जमा करा, खिडकीची सीट पकडा आणि माल्सचं तिकीट काढा. उद्या पुन्हा उतार आहेच!