अकोल्याहून एक, अमरावतीहून दुसरा

बीजगणितातल्या ज्या उदाहरणाने आपल्यापैकी पुष्कळांच्या पोटात गोळा येत असे, ते समोरासमोर येणाऱ्या दोन वाटसरूंचे. मुलांना समीकरण सोडविता येते. ते मांडावे कसे, येथेच गाडे अडते.

आपलाच रस्ता घेऊ. अमरावती ते अकोला हे अंतर हिशेबाच्या सोयीसाठी १०० किलोमीटर धरू. सकाळी सहाला अकोल्याहून एक सायकलस्वार ताशी १५ किलोमीटर वेगाने निघाला. त्याच वेळी अमरावतीहून बस ताशी ३५ किलोमीटरने निघाली. गाठ केव्हा पडेल? मुले एकदा सायकलीकडे पाहतात, एकदा बसकडे, आणि गोंधळतात. पाहावयाचे ते दोघांमधल्या रिकाम्या रस्त्याकडे. तो तासाला एका टोकाने १५ व दुसऱ्या टोकाने ३५, म्हणजे एकूण ५० किलोमीटर आटतो. सारा रस्ता आटावयास दोन तास. आठ वाजता, अकोल्यापासून ३० किलोमीटरवर, बोरगाव मंजू मागे टाकल्यावर गाठ पडली. अंतराला वेगांच्या बेरजेने भागण्याची ही रीत आर्यभटाने सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी आर्यभटीयात सांगून ठेवली आहे.

खरी गोम पुढेच आहे. बस एक तास उशिरा, सातला सुटली तर? 'दोन अधिक एक, नऊ वाजता' असे उत्तर झटकन येते. पण सायकलस्वार काही तासभर झाडाखाली बसलेला नाही! बस निघाल्यापासून क्ष तासांनी गाठ पडते असे मानू. सायकलस्वार बसपेक्षा एक तास जास्त चालला; म्हणून ३५क्ष + १५(क्ष + १) = १००. यावरून क्ष = १.७, म्हणजे एक तास बेचाळीस मिनिटे.

'उशिरा' हा शब्द वाचून मी शाळेत असताना कंसात 'क्ष – १' लिहिले होते. उत्तर २.३ आले. ताळाही जमला: ८०.५ आणि १९.५, बेरीज १००! गुण मात्र शून्य, आणि चूक कोठे ते मला कित्येक दिवस उमगले नाही. मी ताळा घेतला होता तो माझ्याच चुकीच्या समीकरणाशी. तो घ्यावयाचा असतो मूळ गोष्टीशी. सातनंतर २.३ तास म्हणजे नऊ वाजून अठरा मिनिटे. सहाला निघालेला सायकलस्वार तोवर ४९.५ किलोमीटर आलेला, बस ८०.५, बेरीज १३०. म्हणजे दोघे एकमेकांना ओलांडून केव्हाच पुढे गेले होते!

आता बरोबर उत्तर तपासा. आठ बेचाळीसला सायकलचे ४०.५ आणि बसचे ५९.५ किलोमीटर झाले. बेरीज १००, गाठ पडली मूर्तिजापूरच्या आसपास.