एकोणपन्नास स्टेप्सचा कॅल्क्युलेटर

ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने जानेवारी १९७४मध्ये एचपी-६५ बाजारात आणला, तेव्हा त्याची किंमत होती ७९५ डॉलर. खिशात मावणारा आणि प्रोग्रॅम करता येणारा तो पहिला कॅल्क्युलेटर. शंभर स्टेप्सचा प्रोग्रॅम लहानशा चुंबकीय पट्टीवर साठवून ठेवता यायचा. पुढच्या वर्षी एचपी-२५ आला. त्यात पट्टीची सोय नव्हती, स्टेप्स ४९ होत्या, पण किंमत होती १९५ डॉलर. जुन्या कॅल्क्युलेटरांचे शौकीन ६५चं नाव आदराने घेतात आणि ते योग्यच आहे. १९७५च्या अपोलो-सोयुझ मोहिमेत तो अंतराळात जाऊन आला. माझा जीव मात्र २५वर आहे. अख्खं यंत्र डोक्यात मावतं, आतली एकही गोष्ट नजरेआड राहत नाही, हे सुख मला त्यानंतरच्या कुठल्याही यंत्राने दिलेलं नाही.

त्यावर बरोबरच्या चिन्हाचं बटणच नाही. आधी दोन्ही आकडे द्यायचे, मग त्यांचं काय करायचं ते सांगायचं. यान वुकाशेविच या पोलिश तर्कशास्त्रज्ञाच्या मांडणीवरून ही पद्धत निघाली. तीन अधिक चार, गुणिले पाच अधिक सहा, हे गणित असं होतं: ३, एंटर, ४, अधिक, ५, एंटर, ६, अधिक, गुणिले. उत्तर ७७. कंस कुठेच लागला नाही, कारण पहिली बेरीज, म्हणजे ७, आत थांबून राहिली होती. ती थांबते ती जागा म्हणजे स्टॅक. चार मजल्यांच्या चाळीसारखा तो डोळ्यांपुढे आणा. पडद्यावर दिसतो तो तळमजला. नवा आकडा आला की आधीचे एकेक मजला वर सरकतात. बेरीज-गुणाकार झाला की खालच्या दोघांचा एक होतो आणि वरचे खाली उतरतात. याशिवाय आकडे जपून ठेवायला आठ वेगळे खण आहेत, शून्य ते सात.

आता प्रोग्रॅम. पडद्याखाली एक सरकता खटका असतो. तो प्रोग्रॅमच्या बाजूला सरकवला की बटणं दाबल्यावर गणित होत नाही, दाबलेली बटणं क्रमाने लक्षात ठेवली जातात. प्रोग्रॅमिंगची वेगळी भाषा शिकायची नसते. हाताने जे केलं असतं तेच त्याच क्रमाने करायचं. पडद्यावर अक्षरं उमटत नाहीत, म्हणून बटणाचा पत्ता दिसतो: ओळ कितवी आणि ओळीत बटण कितवं. भागाकाराचं बटण सातव्या ओळीत पहिलं, म्हणून ७१. एंटर तिसऱ्या ओळीत पहिलं, म्हणून ३१. अंकांना मात्र त्यांचाच अंक, ०२ म्हणजे दोन. ‘शून्याव्या खणातला आकडा आण’ ही आज्ञा तिसऱ्या स्टेपला दिली, तर डावीकडे ०३ आणि उजवीकडे २४ ०० असं लाल अंकांत दिसतं. दोन-तीन बटणांची आज्ञाही एकाच स्टेपमध्ये बसते. ही काटकसर फार मोलाची, नाहीतर ४९ स्टेप्स चुटकीसरशी संपल्या असत्या.

वर्गमूळ काढून पाहू. त्यासाठी आयतं बटण आहे, पण यंत्र कसं चालतं हे कळायला हे उदाहरण चांगलं. कृती जुनी आहे: एक अंदाज घ्या, मूळ संख्येला त्याने भागा, भागाकार आणि अंदाज यांची सरासरी काढा, हा नवा अंदाज. पुन्हा तेच. बटणं अशी: एंटर, एंटर, शून्याव्या खणातला आकडा, खालच्या दोन मजल्यांची अदलाबदल, भागिले, अधिक, २, भागिले, क्षणभर थांब, पहिल्या स्टेपकडे जा. दहा स्टेप्स. दोनदा एंटर कशाला? अंदाज दोन ठिकाणी लागतो, एकदा भागायला आणि एकदा सरासरीत मिळवायला. दुसऱ्या एंटरनंतर खणातून आलेला आकडा तळमजल्यावरच्या जादा प्रतीची जागा घेतो, उरलेल्या दोन प्रती वर शाबूत राहतात.

खटका परत सरकवा. शून्याव्या खणात २ ठेवा, प्रोग्रॅम आरंभाला आणा, अंदाज म्हणून १ द्या आणि चालू करा. पडद्यावर साधारण सेकंदभर १.५००० दिसतं, मग १.४१६७, मग १.४१४२, आणि नंतर तेच. एखादी पद्धत उत्तराकडे कशी धावते हे पुस्तकातल्या आलेखापेक्षा इथे जास्त नीट कळतं, असं माझं ठाम मत आहे.

हा प्रोग्रॅम बटण दाबून थांबवेपर्यंत फिरत राहतो. त्याने आपलं आपण थांबावं असं वाटत असेल तर तुलनेची आज्ञा लागते. तिचा नियम एका ओळीचा: अट खरी असेल तर पुढची स्टेप कर, खोटी असेल तर ती एक सोडून दे. एवढ्या भांडवलावर या यंत्रासोबत येणाऱ्या प्रोग्रॅमांच्या पुस्तकात चंद्रावर यान उतरवण्याचा खेळही बसवला होता. ५०० फूट उंची, सेकंदाला ५० फूट वेगाने खाली येणारं यान, १२० एकक इंधन. वेग आणि उंची एकाच वेळी दाखवायला पडदा पुरत नव्हता, म्हणून दशांशचिन्हाच्या डावीकडे वेग आणि उजवीकडे उंची: -५०.०५००. मर्यादेतून निघालेली ही युक्ती मला आजही थक्क करते.

मर्यादा जाचकही होत्या. मधे एखादी स्टेप घुसवायची सोय नव्हती. विसरली तर पुढचं सगळं पुन्हा टिपायचं, नाहीतर मोकळ्या जागेत उडी मारून परत यायचं. बंद केला की प्रोग्रॅम पुसला जाई. १९७६च्या एचपी-२५सी मध्ये स्मृती टिकू लागली, तोवर प्रोग्रॅम कागदावर लिहून ठेवणं हाच उपाय. पट्टीवाल्या यंत्रांचं दुखणं वेगळं: पट्टी ओढणारं रबरी चाक वर्षांनुवर्षांनी विरघळून चिकट होतं. संग्राहक ते खरवडून काढतात आणि त्या जागी नवी रबरी नळी बसवतात.

मूळ यंत्र मिळालं नाही तरी फोनवर त्याची नक्कल करणारी ॲप्स आहेत. वर्गमूळ जमलं की घनमूळ करून पाहा. नवा अंदाज म्हणजे जुन्याची दुप्पट, अधिक मूळ संख्या भागिले जुन्याचा वर्ग, या सगळ्याचा तिसरा भाग. चौदा स्टेप्समध्ये बसतं. अदलाबदलीचं बटण दोनदा लागतं. दुसऱ्यांदा नेमकं कुठे, ते कागदावर चार मजले काढून शोधा.