लंडनच्या लॉ फर्ममधली भरती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सीईटी, कटऑफ, मेरिट लिस्ट या क्रमाने वाढलेल्या आपल्या मुलांना कुठलीही निवड म्हणजे परीक्षाच वाटते. गुण मिळवा, यादीत नाव शोधा, पुढे सरका. लंडनच्या मोठ्या कमर्शियल लॉ फर्म मात्र ट्रेनी सॉलिसिटर निवडताना अशी कुठलीच यादी लावत नाहीत. दोन-तीन वर्षांनी आपल्याकडे कामाला येणारा माणूस त्या आज शोधत असतात. ही परीक्षा नाही, नोकरभरती आहे, एवढी एक गोष्ट लक्षात न आल्याने चांगली हुशार मुलं चुकीच्या तयारीने उतरतात आणि पहिल्याच चाळणीत गळतात. इंग्लंडमधले विद्यार्थीही याला अपवाद नाहीत. मुंबई-पुण्याहून अर्ज करणाऱ्यांच्या वाट्याला त्यात एक-दोन गैरसमज जास्तीचे येतात.

गैरसमज : लंडनला जाऊन वकील व्हायचं म्हणजे बॅरिस्टर व्हायचं.

वस्तुस्थिती : हा समज आपल्याकडे इतिहासाने रुजवला. गांधीजी इनर टेंपलमधून बॅरिस्टर झाले, डॉ. आंबेडकर ग्रेज इनमधून. पण इंग्लंड-वेल्समध्ये वकिलीच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. बॅरिस्टर मुख्यतः कोर्टात बाजू मांडतो आणि त्याच्या उमेदवारीला ‘प्युपिलेज’ म्हणतात. कंपन्यांची खरेदी-विक्री, कर्जाचे करार, शेअर बाजारात नोंदणी, जागांचे व्यवहार ही कामं सॉलिसिटरांची, आणि कमर्शियल लॉ फर्म या त्यांच्याच. तिथली उमेदवारी म्हणजे ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट. साधारण दोन वर्षांचा हा काळ बहुधा सहा-सहा महिन्यांच्या चार ‘सीट’मध्ये विभागलेला असतो. एक सीट कॉर्पोरेट विभागात, दुसरी बँकिंगमध्ये, तिसरी तंटे-दाव्यांच्या खात्यात, असा फिरता पाळणा.

मुंबईला ही पद्धत परकी नाही. १८९४ साली स्थापन झालेली बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी आजही सॉलिसिटरची परीक्षा घेते, आणि त्या परीक्षेसाठी सॉलिसिटरच्या हाताखाली तीन वर्षं आर्टिकल्ड क्लार्क म्हणून काढावी लागतात. सीए करणाऱ्यांची आर्टिकलशिप त्याच कुळातली.

गैरसमज : कायद्याची पदवी असल्याशिवाय तिथे उभंही करत नाहीत.

वस्तुस्थिती : लंडनच्या बऱ्याच मोठ्या फर्ममध्ये जवळपास निम्मे ट्रेनी इतिहास, अर्थशास्त्र, भाषा, विज्ञान अशा विषयांचे पदवीधर असतात. त्यांना वर्षभराचा रूपांतर अभ्यासक्रम करावा लागतो आणि निवड झालेली असेल तर मोठ्या फर्म त्याची फी भरतात, वर राहण्या-खाण्यासाठी रक्कमही देतात. औषधकंपनीच्या पेटंटचा वाद चालवताना रसायनशास्त्र शिकलेला माणूस फर्मला हवाच असतो.

गैरसमज : आधी पदवी हातात येऊ दे, मग अर्ज करू.

वस्तुस्थिती : सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. मोठ्या फर्म काम सुरू होण्याच्या साधारण दोन वर्षं आधी माणसं निवडतात. त्यामुळे कायद्याचा विद्यार्थी दुसऱ्या वर्षातच अर्ज करतो, इतर विषयांचा शेवटच्या वर्षात. पदवीनंतर अर्ज करता येतो, पण मग मधली वर्षं कशी काढायची याचं नियोजन हवं.

दुसरी अडचण व्हेकेशन स्कीमची. हिवाळा, वसंत किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत एक ते चार आठवडे फर्ममध्ये बसून काम पाहायचं, आणि त्याचा मोबदलाही मिळतो. नावावरून ही इंटर्नशिप वाटते. प्रत्यक्षात कित्येक फर्म ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टच्या बहुतेक जागा या स्कीमला आलेल्या मुलांमधूनच भरतात. म्हणजे ती स्कीम ही लांबलेली मुलाखतच. तिथे कॉफी घेताना शेजारी बसलेला असोसिएट, म्हणजे फर्ममधला नोकरदार वकीलही, नंतर आपलं मत कळवत असतो.

शिवाय काही फर्म आलेले अर्ज येतील तसे वाचतात आणि मुलाखती घेऊ लागतात. अशा ठिकाणी शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री अर्ज धाडणाऱ्याने मुदत पाळलेली असते, पण तोवर बऱ्याच जागा गेलेल्या असू शकतात.

गैरसमज : ऑक्सफर्ड-केंब्रिजचा शिक्का नसेल तर वेळ वाया घालवू नये.

वस्तुस्थिती : या दोन विद्यापीठांची मुलं या फर्ममध्ये मोठ्या संख्येने दिसतात, हे खरंच. पण तेवढ्यावर निवड होते हे खरं नाही. ‘मॅजिक सर्कल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाच फर्मपैकी क्लिफर्ड चान्सने २०१३च्या सुमारास अंतिम मुलाखतीत उमेदवाराचं विद्यापीठ मुलाखतकारांपासून झाकून ठेवायला सुरुवात केली. पहिल्याच वर्षी निवडलेले सुमारे शंभर ट्रेनी ४१ वेगवेगळ्या संस्थांमधून आले; आदल्या वर्षीपेक्षा संस्थांची संख्या जवळपास ३० टक्क्यांनी वाढली.

आता अनेक फर्म गुणांकडे संदर्भासह पाहतात. ज्या शाळेत सरासरी निकालच कमी आहे तिथल्या मुलाने मिळवलेला ‘बी’ आणि महागड्या खासगी शाळेतल्या मुलाचा ‘बी’ हे एकाच मापाने मोजले जात नाहीत. तरीही बहुतेक मोठ्या फर्मना पदवीत अप्पर सेकंड क्लास, बोलीभाषेत ‘टू-वन’, अपेक्षित असतो.

गैरसमज : पन्नास ठिकाणी अर्ज टाकले की एखादा लागतोच.

वस्तुस्थिती : अर्जातला हमखास प्रश्न असतो, आमचीच फर्म का? त्याला ‘आंतरराष्ट्रीय काम आणि उत्तम प्रशिक्षण’ असं उत्तर लिहिलं की ते पन्नासही फर्मना चालतं, आणि म्हणूनच कुणालाच चालत नाही. फर्मची रचना, तिचं अलीकडचं काम आणि आपला एखादा खरा अनुभव यांची सांगड घातलेले आठ-दहा अर्ज जास्त उपयोगी पडतात. फर्मांमध्ये फरकही मोठे आहेत. मॅजिक सर्कलमधली फर्म वर्षाला शंभरच्या आसपास ट्रेनी घेते. लंडनमधल्या कित्येक अमेरिकन फर्म मोजके घेतात आणि पगार मॅजिक सर्कलहून जास्त देतात. स्लॉटर अँड मे ही मॅजिक सर्कलचीच फर्म, पण ती परंपरेने लांबलचक प्रश्नावलीऐवजी सीव्ही आणि कव्हर लेटर मागते. तिथे एक पानभर पत्रच सारं बोलतं.

गैरसमज : ‘कमर्शियल अवेअरनेस’ म्हणजे रोज आर्थिक दैनिकं पाठ करणं.

वस्तुस्थिती : शेअर निर्देशांक कितीवर बंद झाला हे मुलाखतीत सहसा कुणी विचारत नाही. एखाद्या बातमीमागचा व्यवहार उमेदवाराला उलगडता येतो का, हे पाहिलं जातं. वेल्समधल्या पोर्ट टॅल्बटचं उदाहरण घ्या. टाटा स्टीलने तिथली शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद केली. तिच्या जागी १२५ कोटी पौंडांचा विद्युत भट्टीचा प्रकल्प ठरला, त्यातले ५० कोटी ब्रिटिश सरकारचे. बातमी सगळ्यांनी वाचलेली असते. पण कामगारकपातीमुळे रोजगार कायद्याचा विभाग, सरकारी अनुदानामुळे सार्वजनिक कायद्याचा विभाग, नव्या बांधकामासाठी नियोजन परवानग्या, जुन्या जागेच्या प्रदूषणाची जबाबदारी आणि उरलेल्या पैशासाठी बँकिंग विभाग, अशी कामाची वाटणी जो मांडतो तो समोरच्या पार्टनरला, म्हणजे फर्मच्या भागीदाराला, सहकाऱ्यासारखा वाटू लागतो. टाटांची बातमी जमशेदपूरच्या बाजूनेही ठाऊक असलेल्या भारतीय मुलाला इथे उलट फायदाच आहे.

गैरसमज : वॉटसन-ग्लेझर चाचणीत कायद्याचं ज्ञान तपासतात.

वस्तुस्थिती : बऱ्याच फर्म वापरतात ती ही चाचणी तर्काची आहे. अनुमान, गृहीतकं ओळखणं, निष्कर्ष, अर्थ लावणं आणि युक्तिवादाचं मूल्यमापन असे तिचे पाच भाग. बाहेरचं ज्ञान इथे अडचणच करतं. समजा, उताऱ्यात एवढंच दिलंय की कंपनीने नवा कारखाना काढला आणि त्याच वर्षी तिचा नफा वाढला. ‘कारखान्यामुळे नफा वाढला’ हे अनुमान आपल्याला खरं वाटतं, पण उताऱ्यात त्याला आधार नाही. योग्य उत्तर ‘माहिती अपुरी’. सराव केल्याने यात फरक पडतो. चाचणीच्या पुढे असेसमेंट सेंटरचा दिवस असतो. गटचर्चा, लेखी काम, एखाद्या व्यवहारावरचं सादरीकरण आणि पार्टनरांची मुलाखत असे प्रकार तिथे येतात. गटचर्चेत सर्वांत जास्त बोलणारा जिंकतो, ही कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेतून आलेली समजूत तिथे अंगलट येते.

गैरसमज : ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट मिळालं नाही की सॉलिसिटर होण्याची वाटच संपली.

वस्तुस्थिती : सप्टेंबर २०२१पासून नियम बदलले. आता एसक्यूई ही केंद्रीय परीक्षा आणि दोन वर्षांचा पात्र कामाचा अनुभव, हा मुख्य रस्ता आहे. हा अनुभव कमाल चार संस्थांमध्ये मिळून पुरा करता येतो. पॅरालीगल, म्हणजे वकिलांचा सहायक, म्हणून केलेलं काम किंवा विधी-साहाय्य केंद्रातलं काम त्यात धरता येतं. त्यामुळे छोट्या फर्ममध्ये पॅरालीगल म्हणून लागून पुढे सॉलिसिटर होऊ पाहणाऱ्यांची वाट आता अधिक मोकळी आहे.

परीक्षा सोपी मात्र नाही. पहिल्या टप्प्यात ३६० बहुपर्यायी प्रश्न, दुसऱ्यात लेखी आणि तोंडी मिळून १६ कामं. दोन्ही टप्प्यांची फी पाच हजार पौंडांच्या आसपास. नोव्हेंबर २०२१च्या पहिल्या फेरीत ५३ टक्के उमेदवार उत्तीर्ण झाले होते. ऑफर हातात असलेल्यांनाही ही परीक्षा सुटत नाही, आणि नापास झाल्यास काही फर्म ऑफर मागे घेतात. एप्रिल २०२४मध्ये तर गुणांच्या आकडेमोडीतल्या चुकीमुळे १७५ उमेदवारांना ते उत्तीर्ण असूनही नापास कळवल्याचं उघड झालं; तोवर काहींच्या नोकऱ्या गेलेल्या होत्या. ऑफरच्या पत्रात नापास झाल्यास काय, हे कलम सहीआधी वाचायचं असतं ते यासाठी.

गैरसमज : भारतीय पदवी आणि व्हिसा, दोन्ही नडतात.

वस्तुस्थिती : मोठ्या फर्मकडे परदेशी कर्मचाऱ्यांना स्पॉन्सर करण्याचा परवाना असतो आणि मॅजिक सर्कलमधला ट्रेनीचा पगार पहिल्या वर्षीच ५० हजार पौंडांच्या वर जातो, त्यामुळे स्किल्ड वर्कर व्हिसाच्या पगाराची अट तिथे सहसा आड येत नाही. छोट्या शहरांतल्या, कमी पगाराच्या फर्मांत ती येऊ शकते. अर्जात स्पॉन्सरशिपची गरज विचारलेली असते. ती लपवून काहीच साधत नाही.

भारतात आधीच वकील म्हणून नोंदलेल्यांसाठी तर नियम वेगळा आहे. त्यांना एसक्यूई द्यावी लागते, पण दोन वर्षांच्या अनुभवाची अट नाही. म्हणजे ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट हा त्यांच्यापुढचा एकमेव मार्ग नव्हेच. परीक्षेचा पहिला टप्पा भारतातल्या केंद्रावरही देता येतो. दुसऱ्यातल्या तोंडी भागासाठी मात्र इंग्लंड-वेल्स गाठावं लागतं. मुंबईतल्या एखाद्या फर्ममध्ये बँकिंग किंवा भांडवली बाजाराचं काम चार-पाच वर्षं केलेल्या वकिलाने म्हणूनच ट्रेनीच्या रांगेत नव्याने उभं राहण्याआधी थेट असोसिएटच्या जागा पाहाव्यात, आणि फी भरण्यापूर्वी प्रवास, तयारीचे वर्ग, परीक्षा असा सगळा हिशेब एकदा कागदावर मांडावा.