पहाटे तीनला का उठवतात?

सार पासला जाऊन आलेल्यांना शेवटच्या कॅम्पवरची रात्र हमखास आठवते. संध्याकाळी सूप पिताना लीडर सांगून जातो, उद्या पहाटे तीनला निघायचं. मग काळोखात ओले बूट चढवायचे, टॉर्च लावून रांगेत उभं राहायचं आणि मनातल्या मनात त्याचा उद्धार करायचा. दिवसभर वेळ असताना एवढी कसली घाई? यूथ होस्टेलच्या कृपेने पार्वती खोऱ्यातल्या या खिंडीत मराठी ट्रेकर कित्येक वर्षं मे महिन्यात जातायत आणि ही कुरकुरही तेवढीच जुनी आहे.

लीडरची शर्यत उन्हाशी असते. वसंतातल्या बर्फाचा भरवसा आदल्या रात्रीवर ठरतो. दिवसा वितळलेलं पाणी बर्फाच्या कणांमध्ये साचलेलं असतं. रात्री आकाश निरभ्र असेल तर बर्फाची उष्णता सरळ वर निघून जाते. हवेचं तापमान शून्याच्या थोडं वर असलं तरी पृष्ठभाग गोठतो, कण एकमेकांना चिकटतात आणि पहाटे त्यावरून चालताना पाऊल रुतत नाही. ढगाळ रात्री मात्र ढग तीच उष्णता परत खाली पाठवतात आणि बर्फ गोठायचा राहून जातो. म्हणजे त्या उंचीवर तंबूत उबदार, छान झोप लागली असेल, तर सकाळी खूश होण्यापेक्षा जरा काळजी केलेली बरी.

ऊन आलं की उलट गणती सुरू होते. आधी पूर्वेकडचे उतार तापतात, मग दक्षिणेकडचे, दुपारी पश्चिमेकडचे. पाणी खाली झिरपतं आणि एखाद्या जुन्या कडक थरावर येऊन अडलं की तिथेच पसरतं. वरच्या थराची खालच्यावरची पकड सुटते. उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा असेल, तर सुटलेला थर खाली यायला तेवढं पुरतं. त्याहून कमी उतारावर बर्फ क्वचितच सुटतो. फार उभ्या कड्यावर तो मुळात साठतच नाही, थोडाथोडा पडत राहतो. चढायला मजा येते नेमके तेच उतार मधल्या मापाचे असतात, ही यातली खरी अडचण.

पण गोष्ट वसंतात सुरू होत नाही. हिवाळ्यात बर्फाचा थर पातळ आणि थंडी कडाक्याची असेल, तर जमिनीलगतचा बर्फ शून्याच्या आसपास राहतो आणि वरचा उणे वीसपर्यंत जातो. या तफावतीमुळे बर्फातली वाफ खालून वर सरकत राहते आणि तळाशी एकमेकांना न धरणारे, साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात. असे दाणे सगळीकडे सारखे होत नाहीत. आपल्या संशोधकांनी हिमालयाचे हिमस्खलनाच्या दृष्टीने तीन पट्टे मानले आहेत. १९६९मध्ये मनालीत सुरू झालेली आणि आता चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेत विलीन झालेली ‘सासे’ ही संस्था बर्फाचा आणि हिमस्खलनाचा हाच अभ्यास करत आली. पट्ट्यांच्या एका टोकाला, पीर पंजालच्या बाजूला, बर्फ भरपूर आणि हवामान तुलनेने उबदार, म्हणून थर लवकर बसतात. दुसऱ्या टोकाला, आत लडाख-काराकोरमकडे, बर्फ कमी, थंडी जास्त. तिथे हे साखरेचे थर महिनोन्महिने टिकतात. एप्रिलचं पहिलं पाणी तिथवर पोचतं तो काळ सगळ्यात वाईट. तेच वितळणं-गोठणं बरेच दिवस चाललं, की पाणी वाहून जायला वाटा पडतात, कण जाड होतात आणि बर्फ पुन्हा भरवशाचा होतो, निदान सकाळपुरता. त्यामुळे ‘मे महिना आहे, आता काय होतंय’ या वाक्याला काही अर्थ नाही. तीन हजार मीटरवर खरं असलेलं चार हजारावर खरं असेलच असं नाही.

बर्फाचे थर तपासायची पद्धत दिसायला सोपी आहे. बर्फात खड्डा खणायचा, ३० सेंटिमीटर लांब-रुंद असा खांब कापून मोकळा करायचा, वर फावड्याचं पातं ठेवायचं आणि त्यावर थापा मारायच्या: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. तिसऱ्या-चौथ्या थापेलाच खांबाचा वरचा भाग सपाट कापल्यासारखा पुढे सरकला, तर गाशा गुंडाळायचा. पण तीसही थापा पचवून खांब उभा राहिला, तर? ही खात्री फक्त त्या खांबापुरती. पन्नास पावलांवर थर वेगळा असू शकतो आणि सकाळी आठचा खड्डा दुपारी बाराबद्दल अवाक्षर बोलत नाही. ही चाचणी ‘नको’ म्हणाली तर ऐकावं, ‘हो’ म्हणाली तर मनावर घेऊ नये.

वसंतात त्यापेक्षा पाय जास्त खरं सांगतात. घोट्यापर्यंत रुतायला लागलं की उतार सोडायची तयारी करायची. पोटरीपर्यंत गेलं तर उशीर झालेला असतो. खडकांच्या आजूबाजूने बर्फाचे गोळे आपोआप घरंगळायला लागले, तर डोक्यावरच्या उताराकडे बघायचं. आपण उभे आहोत ती जागा सपाट आहे, याचा काही उपयोग नसतो. ४ एप्रिल २०२३ रोजी दुपारी बाराच्या सुमारास सिक्कीममध्ये गंगटोक-नथुला रस्त्यावर पंधराव्या मैलाजवळ हिमस्खलन झालं आणि सात पर्यटक गेले. परवाने तेराव्या मैलापर्यंतचेच होते.

घड्याळाचा हा हिशेब एका बाबतीत मात्र साफ कोलमडतो. बर्फ पडत असताना आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस पहाट काय नि दुपार काय, सारखीच. तिथे ऊन नाही, नव्या बर्फाचं वजनच घात करतं. २८ फेब्रुवारी २०२५ला बद्रीनाथजवळ माणा इथे जोरदार हिमवृष्टीत सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर सकाळीच हिमस्खलन कोसळलं. ५४ जण त्यात सापडले, त्यातले ४६ वाचले. पश्चिमी विक्षोभ आला तर असा बर्फ उंचावर मे महिन्यातही पडतो.

हे सगळं माहीत असूनही माणसं अडकतात. अमेरिकेतले हिमस्खलन-अभ्यासक इयन मॅकॅमन यांनी हौशी गिर्यारोहकांचे आणि स्कीपटूंचे ७१५ अपघात तपासले. धोक्याची चिन्हं बहुतेक वेळा समोरच होती. पण वाट ओळखीची होती, पुढे कुणाची तरी पावलं उमटलेली होती, ठरवलेलं पुरं करायचं होतं. आपल्याकडच्या ट्रेकमध्ये याला वेळापत्रकाची जोड मिळते. मोसमात रोज नवी बॅच निघते. सकाळी रिकामा केलेला तंबू संध्याकाळी मागच्या बॅचला हवा असतो, त्यामुळे ‘आज थांबू’ म्हणायला लीडरकडे जागाच नसते. बुकिंग करताना आपण जेवणाची, स्लीपिंग बॅगची, टॉयलेट-टेंटची चौकशी करतो. खिंडीसाठी एक दिवस राखीव ठेवलाय का, आणि रात्रभर ढग असले तर सकाळी काय करता, हे दोन प्रश्नही त्याच फोनवर विचारून घ्यावेत.